मत गुप्त, पैसा उघड

मतदाराने आपले मत कोणाला दिले हे कोणासही कळू नये आणि राजकीय पक्षाने पैसा कोणाकडून घेतला हे सर्वांस कळावे, ही लोकशाहीची साधी रीत होय. आपल्या देशात मात्र सहा वर्षे ही रीत उलटी चालविण्यात आली. २ जानेवारी २०१८ रोजी केंद्र सरकारने निवडणूक रोख्यांची योजना जारी केली आणि कोट्यवधी रुपये देणाऱ्या धनिकाच्या नावावर कायद्यानेच पडदा ओढला. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली. त्या वेळी उठलेला गदारोळ आता शमला आहे. म्हणूनच त्या निकालाचा, त्यामागील सुमारे सत्तर वर्षांच्या इतिहासाचा आणि त्यानंतरही उरलेल्या कामाचा शांतपणे विचार करण्यास ही वेळ योग्य आहे, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न कंपन्यांचा, वकिलांचा आणि दिल्लीतील पुढाऱ्यांचा आहे. ज्यांनी काल-परवा धम्माची दीक्षा घेतली, ज्यांना मुलांची फी आणि दाखल्यांची खटपट यांतून डोके वर काढण्यास फुरसत नाही, त्यांनी या भानगडीत का पडावे, असे एखादा वाचक विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, या देशातील धनाढ्यापाशी जे जे आहे त्यांपैकी एकच वस्तू आपल्यापाशी त्याच्याइतकीच आहे, आणि ती म्हणजे मत. जमीन सारखी नाही, घर सारखे नाही, शिक्षण सारखे नाही. पाणवठ्यावरचा आणि स्मशानातला हक्कही कित्येक गावी अद्याप सारखा नाही. मतदानाच्या दिवशी मात्र गिरणीचा मालक आणि त्या गिरणीचा झाडूवाला एकाच रांगेत उभे राहतात व दोघांच्या बोटास सारखीच शाई लागते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच विसंगतीकडे बोट दाखविले होते. राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व आपण मान्य करू, परंतु सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारीत राहू, असा त्यांच्या इशाऱ्याचा आशय होता. या दोन शेतांच्या मध्ये एक बांध आहे. आर्थिक विषमतेचे पाणी राजकीय समतेच्या शेतात शिरू नये म्हणून तो घातलेला असतो. पक्षांना मिळणाऱ्या देणग्यांविषयीचा कायदा हा त्या बांधाचा कायदा होय, आणि तो कोणी, केव्हा आणि कशासाठी फोडला हे बांधाच्या खालच्या अंगास राहणाऱ्यांनी जाणून घ्यावयाचे नाही तर कोणी?

पहिली धोक्याची हाक मुंबईतूनच उठली होती. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीस आपल्या उद्दिष्टपत्रकात बदल करून राजकीय पक्षांना देणगी देण्याचा अधिकार हवा होता आणि त्यास हरकत घेण्यात आली होती. १९५७ साली हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आले. तत्कालीन कायद्यात मनाई नसल्यामुळे न्यायालयाने कंपनीस परवानगी दिली. परंतु ही प्रवृत्ती वाढली तर ती एके दिवशी लोकशाहीचाच गळा आवळील, अशी भीती न्यायमूर्तींनी निकालपत्रात स्पष्टपणे व्यक्त केली आणि संसदेने या गोष्टीकडे लक्ष द्यावे, असे सांगितले. त्याच वर्षी कलकत्ता उच्च न्यायालयानेही अशाच एका पोलाद कंपनीच्या प्रकरणात चिंता प्रकट केली. निकाल कंपनीच्या बाजूने आणि इशारा तिच्याविरुद्ध, असा तो प्रकार होता.

संसदेने लक्ष दिले, पण आपल्या पद्धतीने दिले. १९६० साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन २५,००० रुपये अथवा मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढी देणगी देण्यास मुभा मिळाली. मात्र ती हिशेबात दाखविणे बंधनकारक ठरले. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर संपूर्ण बंदी आली. वरवर पाहता हे पाऊल पुरोगामी होते. परंतु निवडणुकीचा खर्च तसाच ठेवून आणि सरकारी खजिन्यातून पक्षांना काही देण्याची सोय न करता ही बंदी घातली गेली, त्यामुळे धनादेशाने येणारा पैसा पेटीतून येऊ लागला एवढेच झाले. १९८५ साली बंदी उठली; ५ टक्क्यांची मर्यादा, संचालक मंडळाचा ठराव आणि पक्षाच्या नावासह नोंद या अटींवर देणग्या पुन्हा सुरू झाल्या. २००३ साली देणगीदारास आयकरात सवलत मिळाली आणि २०,००० रुपयांहून मोठ्या प्रत्येक देणगीचा तपशील पक्षांनी निवडणूक आयोगास कळवावा असे ठरले. २०१३ च्या कंपनी कायद्याने मर्यादा साडेसात टक्के केली. या सर्व चढउतारांत एक गोष्ट टिकून होती: देणारा कोण व घेणारा कोण, हे निदान कागदावर तरी शोधून काढता येत असे.

मध्यंतरीची एक हकीकत मात्र वाचकांच्या निदर्शनास आणणे आवश्यक आहे, कारण कायदा करणारे आणि कायद्याने बांधले जाणारे एकच असले म्हणजे काय होते हे तीवरून दिसते. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खर्चात धरला पाहिजे, नाहीतर खर्चाच्या मर्यादेस काही अर्थ उरत नाही. न्याय्य आणि सरळ अशी ही गोष्ट होती. काही आठवड्यांतच अध्यादेश निघाला, पुढे त्याचा कायदा झाला आणि न्यायालयाने बुजविलेले भोक पुन्हा मोकळे करण्यात आले. दुसरे उदाहरण अलीकडचे. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय जनता पक्ष आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी परकीय मालकीच्या कंपनीकडून देणगी घेऊन कायद्याचा भंग केल्याचे ठरविले. मग काय झाले? २०१६ च्या वित्त कायद्याने परकीय कंपनीची व्याख्याच २०१० पासून मागे जाऊन बदलली आणि २०१८ साली तोच बदल थेट १९७६ पर्यंत मागे नेला. गायरानावर झोपडी घातल्याचा गुन्हा आपल्या एखाद्या बांधवावर दाखल झाला असता त्याच्यासाठी बेचाळीस वर्षे मागे जाऊन कायदा बदलल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

आता रोख्यांकडे वळू. २०१७ चा वित्त कायदा हा धन विधेयक म्हणून मंजूर करण्यात आला, त्यामुळे राज्यसभेस तो अडविण्याचा अधिकारच राहिला नाही. या कायद्याने तीन गोष्टी एकदम केल्या. कंपन्यांच्या देणगीवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली, त्यामुळे तोट्यात चालणारी कंपनीसुद्धा वाटेल तेवढी रक्कम देऊ शकत होती. नफा नसलेली कंपनी देणगीसाठी पैसा कोठून आणते, हा प्रश्न शाळकरी मुलासही सुचेल. कोणत्या पक्षास दिले हे हिशेबात दाखविण्याची अट काढली. आणि रोख्यांच्या मार्गाने आलेल्या देणगीचा तपशील निवडणूक आयोगास देण्याच्या जबाबदारीतून पक्षांना मोकळे केले. रोखा केवळ भारतीय स्टेट बँकेतून मिळे. तो १,००० रुपयांपासून १ कोटी रुपयांपर्यंत पाच किमतींचा होता. त्यावर घेणाऱ्याचे नाव नसे आणि पंधरा दिवसांच्या आत पक्षाने तो आपल्या खात्यात वटवावयाचा असे. मागील लोकसभा अथवा विधानसभा निवडणुकीत किमान १ टक्का मते मिळविलेल्या नोंदणीकृत पक्षासच तो घेता येई. म्हणजे दलित, आदिवासी आणि कष्टकरी वर्गांतून नव्याने उभा राहणारा लहान पक्ष या दाराच्या बाहेरच राहिला. हा मार्ग सामान्य माणसासाठी आहे असे सांगण्यात आले होते, परंतु विकल्या गेलेल्या रोख्यांच्या एकूण किमतीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम १ कोटीच्या रोख्यांची निघाली. १ कोटीचा रोखा घेणारा सामान्य माणूस आमच्या वाचकांच्या परिचयाचा असेल असे आम्हांस वाटत नाही.

अशा निनावी रोख्यांमुळे चलनावरील विश्वासास धक्का लागेल व काळा पैसा पांढरा करण्यास वाट मिळेल, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या प्रारंभीच दिला होता. हे मागे नेणारे पाऊल आहे, असे निवडणूक आयोगाने त्याच वर्षी सरकारला लिहून कळविले होते. दोन्ही इशारे बाजूस सारले गेले.

योजनेच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद केला गेला तो मुद्दाम तपासण्यासारखा आहे, कारण तो वरकरणी आपल्यासारख्या दुबळ्यांच्या बाजूचा भासतो. देणगीदाराने एका पक्षास देणगी दिली हे उघड झाले तर दुसरा पक्ष सत्तेवर येताच त्याचा सूड घेईल, म्हणून त्याचे नाव गुप्त राहिले पाहिजे. मतदान जसे गुप्त असते तशीच देणगीही गुप्त असावी, असा तो युक्तिवाद. सूडाची भीती म्हणजे काय हे आपल्याइतके कोणास कळते? मत ‘भलत्याला’ दिले म्हणून मजुरी बंद झालेली, रस्ता अडविला गेलेला, बहिष्कार सोसलेली कुटुंबे आपल्यात आहेत. गुप्त मतदान ही आपल्या दृष्टीने केवळ सोय नाही. त्याच आडोशाला उभे राहून गावातील शेवटच्या घरातील बाई निर्भयपणे बटण दाबते. पण हा आडोसा कोणासाठी उभारला आहे? ज्याच्यापाशी दुसरे कोणतेही संरक्षण नाही, त्याच्यासाठी. त्याच्या एका मताने सरकारचा कोणताही ठेका कोणाला मिळत नाही, खाणीचा परवाना बदलत नाही, चौकशी थांबत नाही. कोट्यवधींची देणगी देणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या गुप्ततेतून व्यवहार जन्मास येतो, आणि तो व्यवहार ज्यांच्या जमिनीवर, पाण्यावर, औषधावर आणि मजुरीवर होतो त्यांनाच तो दिसू नये अशी ही व्यवस्था होती. शिवाय ही गुप्तता पुरतेपणी गुप्तही नव्हती. बँक सरकारी होती, खरेदीदाराची संपूर्ण ओळख तिच्या दप्तरी होती आणि तपास यंत्रणा गुन्हा नोंदवून ती माहिती मागू शकत होती. म्हणजे सत्तेवर असणाऱ्यापासून देणगीदार लपत नव्हता, लपत होता तो मतदारापासून! ज्याच्या सूडाची भीती घालून हा पडदा विणला, त्याच्याच हाती पडद्याची दोरी होती.

न्यायालयाने हाच धागा पकडला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने असे ठरविले की, पक्षास पैसा कोण पुरवितो हे जाणणे हा घटनेच्या अनुच्छेद १९ (१) (क) खाली मतदाराचा माहितीचा अधिकार आहे आणि ही योजना तो हिरावून घेते. कंपन्यांना अमर्याद देणगीची मुभा देणारी दुरुस्तीही अनुच्छेद १४ च्या समतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द झाली. माणसाची देणगी आणि कंपनीची देणगी यांस एकाच मापाने मोजता येत नाही. कंपनीची देणगी हा बहुधा मोबदल्याच्या अपेक्षेने केलेला व्यवहार असतो, असे न्यायालयाने नमूद केले. आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते ते पुढील विवेचन. व्यक्तीच्या राजकीय मताच्या गोपनीयतेस संरक्षण आहे हे न्यायालयाने मान्य केले, परंतु धोरण वाकविण्याइतक्या मोठ्या देणगीस ते संरक्षण लागू पडत नाही, असा भेद केला. चळवळीस शंभर रुपये देणाऱ्या शिक्षकाचे नाव झाकले जावे आणि शंभर कोटी देणाऱ्याचे उघडे पडावे, हा तो भेद होय. धन विधेयकाचा प्रश्न मात्र मोठ्या पीठापुढे प्रलंबित असल्याने या निकालात अनिर्णित राहिला.

निकालानंतरचे नाट्य वाचकांस आठवत असेल. माहिती देण्यास भारतीय स्टेट बँकेने ३० जून २०२४ पर्यंत, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकेपर्यंत, मुदत मागितली. न्यायालयाने ती ११ मार्च रोजी नाकारली, १४ मार्च रोजी याद्या प्रसिद्ध झाल्या आणि २१ मार्च रोजी रोख्यांचे क्रमांकही बाहेर आल्यावर देणारा आणि घेणारा यांची जोडी लावता येऊ लागली. एकूण सुमारे १६,५०० कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. १२ एप्रिल २०१९ नंतरच्या प्रसिद्ध आकड्यांत भारतीय जनता पक्षाचा वाटा सुमारे ६,००० कोटींचा, तृणमूल काँग्रेसचा १,६०० कोटींचा आणि काँग्रेसचा १,४०० कोटींचा होता. सर्वांत मोठी खरेदीदार निघाली ती एक लॉटरी कंपनी; तिने १,३६८ कोटी रुपयांचे रोखे घेतले होते. लॉटरीचे तिकीट कोण काढतो हे आम्ही सांगावयास नको. गरिबाच्या खिशातील दहा-वीस रुपये गोळा होऊन ते कोणत्या उंचीवर चढतात याचा हा एक छापील पुरावा आहे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे न घेता न्यायालयात या योजनेस आव्हान दिले होते, ही गोष्ट त्या पक्षाशी मतभेद असणाऱ्यांनीही नोंदवून ठेवावी. या देणग्यांच्या बदल्यात काही मिळाले काय, याची विशेष पथकामार्फत चौकशी करावी ही मागणी मात्र २ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने मान्य केली नाही.

रोखे गेले म्हणून बांध पक्का झाला असे समजणे भाबडेपणाचे होईल. २०१३ पासून निवडणूक न्यास नावाची एक सोय आहे. कंपन्या न्यासास देतात आणि न्यासाने किमान ९५ टक्के रक्कम त्याच वर्षी पक्षांस वाटावयाची असते. दोन्ही याद्या प्रसिद्ध होतात, परंतु एका मडक्यात सर्वांचे पाणी ओतल्यावर कोणाचे कोणत्या तांब्यात गेले हे सांगता येत नाही. २०,००० रुपयांखालील देणगीदाराचे नाव कळविण्याची सक्ती आजही नाही. लहान माणसासाठी हा नियम योग्यच आहे, पण मोठ्या रकमेचे लहान तुकडे करणाऱ्यासही तो तितकाच सोयीचा पडतो. अशा लहान देणग्यांची बेरीज २० कोटी रुपयांच्या अथवा पक्षाच्या एकूण देणग्यांच्या २० टक्क्यांच्या पलीकडे गेली तर त्यांचाही तपशील द्यावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ साली केली होती. ती कागदावरच आहे. आणि सर्वांत मोठे खिंडार १९७४ चेच. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवारास २०२२ पासून ९५ लाखांची आणि विधानसभेच्या उमेदवारास ४० लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या स्वतःच्या एकूण खर्चास मात्र कोणतीही मर्यादा नाही. राखीव मतदारसंघातील आपला तरुण लोकसभेसाठी १२,५०० रुपयांची अनामत रक्कम वर्गणीतून जमवितो आणि त्याच्या समोर अमर्याद खर्चाचा पक्ष उभा असतो. हा सामना कोणत्या अर्थाने समान म्हणावा?

हा वरचा पैसा खाली कसा उतरतो, हे आपल्या वस्त्यांस ठाऊक आहे. मतदानाच्या आदल्या रात्री दारावर थाप पडते, पाचशेची नोट, साडी अथवा बाटली पुढे येते. लाच देणाऱ्याप्रमाणे घेणाराही कायद्याने गुन्हेगार ठरतो, हे पुष्कळांना माहीत नसते. आम्ही येथे केवळ गरिबास दोष देणार नाही. ज्याच्या घरात उद्याचे पीठ नाही त्याला उपदेश करणे सोपे असते. परंतु ती नोट ज्या थैलीतून आली ती थैली कोणी भरली आणि पाच वर्षांत तो ती कशी वसूल करणार, हा हिशेब प्रत्येक घरात मोठ्याने मांडला गेला पाहिजे. विहाराच्या बांधकामाची वर्गणी आपण कशी गोळा करतो? पावतीपुस्तक असते, सभेत नावे व रकमा वाचून दाखवितात, भिंतीवर फरशी बसवितात, आणि कोणी अडीचशे दिले व कोणी पाच हजार, हे लहान मुलासही सांगता येते. पाच हजार देणाऱ्याने विहाराची किल्ली मागितली तर सभा त्याला खाली बसविते. दान देऊन मोबदला मागणे यास आपल्या धम्मात दान म्हणत नाहीत. जी शिस्त आपली गरीब कमिटी पाळू शकते ती हजारो कोटींच्या पक्षांस का झेपू नये, हे त्यांनी एकदा सांगावे.

संसदेपुढे आमची मागणी मोजकी आहे: पक्षांच्या खर्चास मर्यादा, कंपन्यांच्या देणगीस नफ्याशी बांधलेली अट आणि न्यासांतून जाणाऱ्या पैशाचा देणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत सलग माग. निवडणुकीचा काही भार सरकारने साहित्याच्या रूपाने उचलावा, ही १९९८ च्या इंद्रजित गुप्ता समितीची सूचनाही पुन्हा टेबलावर यावी. तोवर जे हाती आहे ते वापरावे. २००२ आणि २००३ च्या न्यायनिर्णयांमुळे प्रत्येक उमेदवारास आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ते निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. पक्षांच्या देणग्यांचे वार्षिक अहवालही तेथेच असतात. दहावी-बारावी शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी ते काढून विहारात रविवारच्या वंदनेनंतर वाचून दाखवावेत, आणि मते मागावयास येणाऱ्या प्रत्येकास, तो मोठ्या पक्षाचा असो की निळा झेंडा घेऊन आलेला आपलाच बांधव असो, पहिला प्रश्न हा विचारावा की, गेल्या वर्षी आपल्या पक्षास पैसे कोणी दिले?